शाहीर अमर शेख

मुलांनो, 'शायर' हा शब्द तुम्ही घरी नेहमी ऐकता. मराठीतला 'शाहीर' हा त्याच शब्दाचा भाऊ. डफावर थाप देऊन लोकांपुढे पोवाडे व गाणी म्हणतो, तो शाहीर. असाच एक मोठा शाहीर आपल्या धाराशिव जिल्ह्याला लागूनच असलेल्या बार्शी गावात २० ऑक्टोबर १९१६ रोजी जन्मला. त्याचे नाव मेहबूब हुसेन पटेल.

घरी गरिबी होती. मेहबूबने मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत मजुरी केली. आई मुनेरबी मराठी ओव्या व लोकगीते गात असे. ती ऐकून तो गाऊ लागला. ही विद्या फुकट मिळाली, पण जन्मभर पुरली.

पुढे हाच मेहबूब अमर शेख या नावाने प्रसिद्ध झाला. अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह ते लाल बावटा कलापथकात कामगारांसाठी गात. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा पहाडी आवाज गावोगाव घुमला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्यात या आवाजाचाही वाटा होता.

ते नुसते गायक नव्हते. 'कलश' व 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह. 'पहिला बळी' हे नाटक त्यांनी लिहिले. 'प्रपंच' (१९६१) या चित्रपटात अभिनय केला. २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले.

मराठी आपली नाही, असे कधी वाटले, तर अमर शेख आठवा. त्यांनी ती आईच्या तोंडून घेतली आणि साऱ्या महाराष्ट्राला ऐकवली.