सप्ताहाची पत्रिका आणि मोकळा फॉन्ट

संत नामदेवांच्या नरसी नामदेव या गावातल्या एका तरुणाने सप्ताहाची जुनी पत्रिका संगणकावर उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! मजकूर शाबूत होता. ज्या विकतच्या फॉन्टमध्ये तो टाइप केला होता, तो फॉन्ट त्या मशीनवर नव्हता.

जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. कुठे कोणता आकार, हे फॉन्ट बनवणारी कंपनी ठरवी. भाषा आपली, किल्ली दुसऱ्याच्या खिशात. युनिकोड या सामायिक अक्षर-संकेताने हे मोडलं: तिथे ‘क’चा क्रमांक ०९१५, जगभर एकच.

राहिला प्रश्न देखण्या अक्षराचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने ‘मुक्त’ हा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली खुला केला. छापा, बदला, पुढे वाटा, पैसे नाहीत. (नुसता फॉन्ट मात्र विकता येत नाही.)

त्याच घराण्यातला ‘मुक्त माही’ गुरुमुखी लिपीचा. नरसीला याचं मोल वेगळंच, कारण गुरुमुखीतल्या गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. नवी पत्रिका दोन्ही लिप्यांत, एकाच वळणाच्या अक्षरांत निघाली.

तुमची जुनी फाईल अडली असेल तर फॉन्टचं नाव कॉमेंटमध्ये लिहा. युनिकोडमध्ये बदलून देणारी मोफत साधनं आहेत.