अर्धाच उरलेला पत्रव्यवहार: अमेरिकी यादवीतील पती-पत्नींच्या पत्रांचा मागोवा

अमेरिकेतील १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्ध मराठी वाचकाला मुख्यतः दोन संदर्भांतून परिचित आहे: अमेरिकी कापसाचा पुरवठा तुटल्यामुळे मुंबईच्या बाजारात आलेली तेजी, आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये अर्पण केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ. त्या युद्धाने लक्षावधी संसारांची जी ताटातूट केली, तिची नोंद मात्र लढायांच्या वृत्तांतांपेक्षा पती-पत्नींनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांत अधिक बारकाईने सापडते. गोऱ्या सैनिकांपैकी उत्तरेकडील सुमारे ९० टक्के आणि दक्षिणेकडील सुमारे ८० टक्के साक्षर होते, आणि सैनिकांची पत्रे नियमाने तपासण्याची पद्धत दोन्ही सैन्यांत नव्हती; त्यामुळे ही पत्रे संख्येने जशी विपुल आहेत, तशीच ती पुढच्या युद्धांतील पत्रांच्या तुलनेत मोकळीही आहेत.

युद्धाला तोंड फुटल्यानंतर दोनच महिन्यांत टपालाची फाळणी झाली. संघराज्याच्या सरकारने मे १८६१ च्या अखेरीस दक्षिणेकडील टपालसेवा बंद केली, आणि १ जूनपासून फुटून निघालेल्या राज्यांच्या संघाचे, म्हणजे कॉन्फेडरसीचे, स्वतंत्र टपालखाते जॉन रीगन यांच्या अधिपत्याखाली सुरू झाले. दक्षिणेत शिल्लक राहिलेल्या तिकिटांचा उपयोग शत्रूला होऊ नये म्हणून उत्तरेने जुनी तिकिटे रद्द करून नवी काढली. उत्तरेत अर्ध्या औंसाच्या पत्राला तीन सेंट पडत. परंतु छावणीत तिकिटे मिळणे दुरापास्त असल्याने जुलै १८६१ च्या कायद्याने सैनिकाला बैरंग पत्र, म्हणजे ज्याचे हशील घेणाऱ्याने भरायचे असे पत्र, पाठवण्याची मुभा दिली. जुलै १८६३ पासून ४९ शहरांत घरपोच बटवडा विनामूल्य सुरू झाला, आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये मनीऑर्डरची पद्धत आली, जिच्यामुळे पगाराचे पैसे लखोट्यात घालून पाठवण्याची जोखीम टळू लागली.

दक्षिणेत परिस्थिती याच्या उलट होत गेली. टपालखात्याने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, असे बंधन तेथील राज्यघटनेतच असल्याने जुलै १८६२ पासून अर्ध्या औंसाच्या पत्राचे हशील सरसकट दहा सेंट झाले, आणि हे अशा वेळी की जेव्हा साध्या शिपायाचा महिन्याचा पगार ११ डॉलर होता. नाकेबंदीमुळे कागदाचीही टंचाई झाली, तेव्हा आलेला लखोटा उसवून व उलटा करून पुन्हा वापरणे, भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाचे लखोटे करणे, एकदा लिहिलेला कागद आडवा फिरवून त्याच ओळींवर काटकोनात पुन्हा लिहिणे, या गोष्टी सर्रास होऊ लागल्या. ज्या जोडप्यांच्या मधून युद्धरेषा गेली होती किंवा ज्यातील पती शत्रूच्या कैदेत होता, त्यांना ‘शांतिध्वजाचे टपाल’ हा एकच अधिकृत मार्ग उरला. त्यात पत्र एका पानाचे व उघडे असावे, मजकूर केवळ कौटुंबिक असावा, दोन्ही सरकारांचे हशील भरलेले असावे आणि दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी ते तपासावे, अशा अटी होत्या.

या पत्रांतील मजकुराचा मोठा भाग प्रेमाचा नसून संसाराच्या कारभाराचा आहे. कोणत्या शेतात काय पेरावे, डुकरे केव्हा विकावीत, कोणाचे देणे आधी फेडावे, मुलांना शाळेत केव्हा घालावे, या सूचना पती छावणीतून लिहितो. पण उत्तर येईपर्यंत हंगाम निघून जात असल्याने पत्नीला निर्णय स्वतःच घ्यावा लागतो, आणि पुढील पत्रांत ती सल्ला विचारण्याऐवजी केलेल्या कामाचे वर्तमान कळवू लागते. अनेक पतींनीही कालांतराने ‘तुला योग्य वाटेल तसे कर’ या अर्थाची कबुली दिलेली दिसते. दक्षिणेत महागाई व उपासमार वाढल्यावर, विशेषतः रिचमंडमध्ये एप्रिल १८६३ मध्ये भाकरीसाठी दंगल झाली त्या सुमारास, पत्नीचे पत्र हा लष्करी चिंतेचा विषय झाला. कारण घरच्या हालांचे वर्णन वाचून शिपाई पळून जातात, अशी अधिकाऱ्यांची तक्रार होती, आणि स्त्रियांनी उत्साहवर्धक पत्रेच लिहावीत असा उपदेश वृत्तपत्रे करीत होती.

गुलामगिरीत असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत हाच पत्रव्यवहार अधिक जोखमीचा होता. मिसूरी व केंटकी ही राज्ये संघराज्यातून फुटली नव्हती, म्हणून १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा तेथे लागू नव्हता. परिणामी पती उत्तरेच्या सैन्यात भरती होऊन मुक्त होई आणि पत्नी मात्र त्याच मालकाच्या ताब्यात राही, जो पतीच्या भरतीचा राग तिच्यावर काढी. लिहिण्यावाचण्यासाठी तिला दुसऱ्यावर विसंबावे लागे. जानेवारी १८६४ मध्ये मिसूरीतील पॅरिस या गावाहून एका पत्नीने लिहवून घेतलेल्या पत्राच्या शेवटी लेखनिकाने स्वतःची पुस्ती जोडली आहे: पत्रे परस्पर माझ्या नावे पाठवावीत, महिन्यातून एकापेक्षा अधिक नकोत, आणि घरून काही पत्र मिळाले आहे असे उत्तरातून मुळीच दिसू देऊ नये. कृष्णवर्णीय सैनिकांच्या पत्नी व मुले यांना मुक्त करणारा कायदा ३ मार्च १८६५ रोजी, म्हणजे युद्ध संपण्यास जेमतेम महिना उरला असताना झाला.

आज उपलब्ध असलेल्या पत्रांत पतींची पत्रे फार अधिक आहेत. पत्नीकडे पत्रे ठेवायला पेटी होती. पतीजवळची पत्रे पावसात भिजली, पाठीवरच्या पिशवीबरोबर हरवली, किंवा परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून लढाईपूर्वी त्याने स्वतःच जाळली. इतिहासकार जेम्स मॅकफर्सन यांनी १९९७ च्या ‘फॉर कॉज अँड कॉम्रेड्स’ या ग्रंथासाठी किमान २५,००० पत्रे वाचली, पण तीही मुख्यतः सैनिकांचीच. पत्नीचे म्हणणे त्यामुळे बहुधा पतीच्या उत्तरावरून ताडावे लागते. लोकप्रिय आवडीनेही पतीच्या भावपूर्ण पत्रालाच अग्रस्थान दिले. मेजर सलिव्हन बलू यांचे १४ जुलै १८६१ चे पत्र १९९० मध्ये केन बर्न्स यांच्या माहितीपट-मालिकेमुळे जगप्रसिद्ध झाले, जरी त्याची मूळ प्रत सापडलेली नाही. तर सेनापती जॉर्ज पिकेट यांची म्हणून त्यांच्या पत्नीने १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेली पत्रे बव्हंशी तिनेच रचल्याचे संशोधकांनी नंतर दाखवून दिले.

जपणुकीचा आणखी एक मार्ग सरकारी होता. १८६२ च्या निवृत्तिवेतन कायद्यानुसार विधवेला आपला विवाह सिद्ध करावा लागे, आणि काही विधवांनी पुरावा म्हणून पतीची मूळ पत्रे अर्जासोबत जोडली, जी आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील प्रकरणांत आहेत. गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यताच नसल्याने कृष्णवर्णीय विधवांसाठी जुलै १८६४ मध्ये सहजीवनाची साक्ष ग्राह्य धरण्याची तरतूद करावी लागली. त्यामुळे त्यांच्या संसाराचे तपशील पत्रांपेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबान्यांत अधिक आढळतात. या काळातील दांपत्यजीवनाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच पत्रात काय लिहिले आहे याबरोबर ते कोणी आणि कशासाठी जपले हेही तपासले पाहिजे, आणि पत्नीचा आवाज शोधताना प्रेमपत्रांच्या जोडीने अर्ज, तक्रारी व साक्षी यांनाही पत्रव्यवहाराचाच भाग मानले पाहिजे.