महारोहिणी विस्फाराची अंतर्वाहिनी दुरुस्ती : उपद्रव व उपाय

उदरातील महारोहिणीची भित्ती दुर्बल होऊन तिचा व्यास ३ सेंमी. किंवा अधिक झाल्यास त्या फुगवट्यास उदरीय महारोहिणी विस्फार म्हणतात. प्राकृतावस्थेत हा व्यास सुमारे २ सेंमी. असतो. विस्फार फुटल्यास तीव्र रक्तस्रावाने बहुधा मृत्यू ओढवतो. म्हणून पुरुषांत व्यास ५·५ सेंमी. झाल्यावर सामान्यतः दुरुस्ती सुचवितात. जांघेतील रोहिणीतून धातूच्या जाळीचा आधार असलेली कृत्रिम नलिका आत नेऊन बसविण्याची पद्धत हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्वेनस एअरीझ येथे उदरीय विस्फारासाठी वापरली.

उदर उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत नलिका टाक्यांनी शिवतात. येथे ती जाळीच्या प्रसरणदाबाने आणि बारीक आकड्यांनी भित्तीस धरून राहते. बहुतेक उपद्रव या फरकातून उद्‌भवतात. त्यांत प्रमुख म्हणजे अंतर्गळती, अर्थात नलिका बसविल्यावरही विस्फाराच्या पिशवीत रक्त वाहत राहणे. नलिकेच्या टोकाशी गळती असल्यास पिशवीवर रोहिणीतील पूर्ण दाब पडतो. ती तशीच सोडून रुग्णास शस्त्रक्रियागृहाबाहेर नेणे धोक्याचे असते. प्रथम फुगा फुगवून नलिका भित्तीवर दाबतात. तेवढ्याने न भागल्यास जोडनलिका किंवा अधिक ताठ जाळी बसवितात. नलिकेचे भाग सुटल्यास वा कापड फाटल्यास आत दुसरी नलिका घालतात. याउलट, कटिरोहिण्यांतून उलट दिशेने येणारे रक्त पुष्कळदा आपोआप थांबते. अशा वेळी घाई न करणेच इष्ट. पिशवी वाढू लागली, तरच त्या रोहिण्या बंद करतात.

नलिकेने वृक्करोहिणीचे मुख झाकले गेल्यास नलिका किंचित खाली ओढतात किंवा त्या मुखात स्वतंत्र जाळी बसवितात. अरुंद, कॅल्शियम साचलेली श्रोणिरोहिणी साधने नेताना फाटू शकते. रक्तदाब एकाएकी उतरणे ही त्याची खूण होय. मार्गदर्शक तार या वेळी काढून घेणे ही गंभीर चूक ठरते, कारण तिच्यावरूनच फुगा नेऊन रक्तस्राव रोखता येतो. नंतर आच्छादित जाळीने छिद्र बुजवितात. तेही न साधल्यास उदर उघडावे लागते.

ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत पहिल्या ३० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ४·७%, तर या पद्धतीत १·७% आढळले. मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आठ वर्षांनंतर विस्फारजन्य मृत्यू या पद्धतीत अधिक होते. पिशवी उशिरा फुटणे हे त्याचे मुख्य कारण होते. म्हणून श्राव्यातीत ध्वनितरंगांनी किंवा संगणकीय क्ष-किरण चित्रणाने रुग्णाची नियमित तपासणी आयुष्यभर करतात.