सुटींतील प्रवास : घराजवळचा आणि परदेशाचा

मुलांच्या परीक्षा आटोपल्या, लोणच्याच्या कैऱ्या बाजारांत आल्या, कीं प्रत्येक घरांत एक प्रश्न हटकून निघतो : "यंदा सुटींत जायचें कोठें?" पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें असे. आजोळ कोंकणांत असेल तर कोंकणांत, देशावर असेल तर देशावर. आतां आजोळ बहुधा त्याच शहरांत चार गल्ल्या पलीकडे असतें, आणि एकीकडे देहू-लोणावळें तर दुसरीकडे स्वित्झर्लंड-सिंगापूर अशीं दोन टोकें मंडळींपुढें उभीं राहतात. यांपैकीं श्रेयस्कर कोणतें, यावर पुष्कळ वाद घालतां येईल. परंतु हा वादच मुळांत व्यर्थ आहे, असें मला माझ्या सासूबाईंनीं शिकविलें. ती हकीकत येथें सांगतें.

आमचें बिऱ्हाड पिंपरींत संत तुकाराम नगरांत आहे. माझे कैलासवासी मामंजी जवळच्याच हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या कारखान्यांत नोकरीस होते. घरांत सासूबाई, थोरले भावजी व जाऊबाई, आम्ही दोघें, आणि दोन्हीकडचीं मिळून चार मुलें, अशीं नऊ माणसें. तीन वर्षें दोन्ही भावांनीं थोडी थोडी शिल्लक टाकली होती. गेल्या वर्षीं माघांत भावजींनीं हिशेब मांडला. शिलकेंत सहा माणसें स्वित्झर्लंडला जाऊं शकत होतीं. तेव्हां असें ठरलें कीं, एका जोडप्यानें चारी मुलांस घेऊन जावें, दुसऱ्यानें आईंपाशीं घरीं राहावें, आणि सुटींत आईंना देहू-आळंदी करून आणावें. बेत सर्वांस न्याय्य वाटला.

सासूबाई तेथेंच गहू निवडीत बसल्या होत्या. सूप खालीं ठेवून त्या म्हणाल्या, "देहू-आळंदी मी चाळीस वर्षें करतें आहें. विमान तेवढें अजून गच्चीवरूनच पाहिलें. मला कोणीं विचारलें का?"

कोणीच बोललें नाहीं. शहात्तर वर्षांच्या या बाईला काय हवें असेल, तें आम्हीं सर्वांनीं आपल्या मनानें ठरवून टाकलें होतें. आणि तेंहि प्रेमानेंच!

मला त्या रात्रीं डॉ. आनंदीबाई जोशींची आठवण झाली. १८८३ सालीं त्या कलकत्त्याहून बोटीनें अमेरिकेस निघाल्या, तेव्हां समुद्र ओलांडणें हा आपल्या समाजांत दोष मानीत. तो ओलांडून त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि १८८६ त डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाईंनीं अमेरिकेंत जें पाहिलें, त्यावर १८८९ त मराठींत पुस्तक लिहिलें. त्या काळीं स्त्रीच्या प्रवासास शास्त्र आडवें येई. आज शास्त्र आडवें येत नाहीं. आडवी येते ती घरच्या माणसांची काळजी. "तुम्हांला झेपणार नाहीं हो आई," हें वाक्य कितीहि गोड आवाजांत म्हटलें, तरी दार तें लावतेंच.

भावजींनीं पुन्हां कागद-पेन्सिल घेतली. त्याच शिलकेंत नऊ माणसांचा पांच दिवस सिंगापूरचा प्रवास बसत होता, आणि मुंबईहून विमानाची वाट साडेपांच तासांच्या आसपास. डॉक्टरांनीं सासूबाईंना तपासून सांगितलें, "खुशाल न्या. मात्र आतांपासून चालण्याची संवय ठेवा." म्हणून फाल्गुनापासून प्रत्येक रविवारीं घराजवळच्या सहली करण्याचें ठरलें. सिंगापूरची तालीम म्हणून आरंभिलेल्या या सहलींनीं पुढें स्वतःचेंच महत्त्व मिळविलें.

पहिली सहल दारांतलीच होती. आमच्या वस्तीचें मेट्रो स्थानक ६ मार्च २०२२ रोजीं उघडलें; परंतु सासूबाई त्यांत कधीं चढल्या नव्हत्या, कारण त्यांना सरकत्या जिन्याची भीति. विमानतळावर असे जिने पावलोपावलीं लागणार. माझ्या पुतणीनें त्यांना पहिल्या दिवशीं नुसतें जिन्याशेजारीं उभें केलें. "आजी, पायरीकडे बघूं नको, समोर बघ, आणि उजव्या हातानें पट्टा धर." दुसऱ्या खेपेस त्यांनीं पदर खोचला, पाऊल टाकलें, आणि वर पोंचल्यावर एखाद्या गडावर पोंचल्यासारखें खालीं पाहिलें. मग आम्ही स्वारगेटपर्यंत गेलों. दिवाणी न्यायालयाच्या पुढें ही गाडी मुठेच्या पात्राखालून जाते, हें मुलांनीं सांगतांच त्यांनीं नकळत हात जोडले. "नदी डोक्यावर घेऊन चाललों कीं रे!" असें त्या म्हणाल्या.

दुसऱ्या रविवारीं देहू. तेथें सांगण्यासारखें नवें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. सांगितलें तें सासूबाईंनींच. गाथा मंदिरांतील संगमरवरी भिंतींवर कोरलेले अभंग त्या वाचीत होत्या, आणि जेथें मुलें अडखळत तेथें न पाहतां पुरे करीत होत्या. माझ्या मुलानें मला हळूच विचारलें, "आजीला हें सर्व पाठ आहे, तर ती घरीं कां म्हणत नाहीं?" मला उत्तर देतां आलें नाहीं. घरीं तिला म्हणायला कोणीं सांगतच नाहीं, हें खरें उत्तर होतें.

तिसरी सहल मात्र फसली. कार्ल्याला जावयाचें होतें. पिंपरीहून लोणावळ्याच्या लोकलनें मळवलीस उतरून रिक्षानें डोंगराच्या पायथ्याशीं जातां येतें. परंतु सकाळीं थालीपिठें लावण्यांत आम्हीं जावाजावांनीं वेळ घालविला, आणि डोंगर चढूं लागलों तेव्हां साडेदहा झाले होते. चैत्राचें ऊन, तापलेल्या पायऱ्या. अर्ध्या वाटेवर सासूबाई एकाएकीं खालीं बसल्या. चेहरा पांढराफटक झालेला. एका नारळ-फुलें विकणाऱ्या बाईनें आपल्या दुकानाच्या सावलींत जागा दिली. मीठ-साखरेचें पाणी घोटघोट पाजलें, ओला रुमाल कपाळावर ठेवला. अर्ध्या तासानें त्यांना हुशारी आली, पण माझे हात कांपत होते. आमचें सिंगापूर त्या पायरीवरच संपलें, अशी माझी खात्री झाली. भावजी तर म्हणालेच, "आई, आतां पुरे."

सासूबाई म्हणाल्या, "चूक माझ्या पायांची नव्हे, तुमच्या थालीपिठांची. पुढच्या रविवारीं पहांटे निघूं."

आणि खरोखरच पुढच्या रविवारीं आम्ही पहिली लोकल गांठली. दशम्या आणि दह्याचा डबा आदल्या रात्रींच भरून ठेवला होता. दर वीस पायऱ्यांवर थांबत, ऊन चढण्यापूर्वीं त्या वर पोंचल्या. एकवीरेचें दर्शन घेऊन आम्ही लेण्यांत शिरलों. सुमारें ४५ मीटर लांबीचें हें चैत्यगृह आपल्या देशांतील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठें. छताच्या लांकडी फांसळ्या दोन हजार वर्षें टिकून आहेत. खांबांवर ब्राह्मी लिपींत ते करवून देणाऱ्यांचीं नांवें कोरलीं आहेत, आणि त्यांत धेनुकाकट गांवच्या अनेक 'यवनां'चीं नांवें आहेत. त्या काळीं पश्चिमेकडील ग्रीक वळणाच्या परदेशीयांस आपल्याकडे यवन म्हणत. समुद्रावरून घाट चढून जाणाऱ्या व्यापारी वाटेवर हें लेणें आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या नांवांचें नवल वाटत नाहीं. मुलें आ वासून पाहत होतीं. परदेश पाहण्यासाठीं आम्ही एवढा खटाटोप करीत होतों, आणि परदेश तर दोन हजार वर्षांपूर्वींच आमच्या डोंगरांत येऊन खांब उभारून गेला होता!

मे महिन्यांत आम्ही सिंगापुरास गेलों. तेथील झगमगाटाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. मी दोनच गोष्टी सांगतें. पहिली, कार्ल्याचा धडा तेथें कामास आला. विषुववृत्ताजवळील तो प्रदेश वर्षभर उष्ण व दमट. म्हणून सकाळीं सातला बाहेर पडावें, अकराला परत यावें, दुपारीं विश्रांति घ्यावी आणि संध्याकाळीं पुन्हां निघावें, असा क्रम ठेवला. एकहि दिवस कोणीं आजारी पडलें नाहीं.

दुसरी गोष्ट तेथील वनस्पति-उद्यानाची. १८५९ त स्थापिलेल्या या उद्यानांत रबराच्या झाडाचा चीक झाडास इजा न होतां कसा काढावा, याचे प्रयोग रिडले नांवाच्या शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केले. हें झाड मूळ ब्राझीलचें. लंडनच्या क्यू उद्यानांतून तें १८७७ त येथें आलें, आणि पुढें मलायांत त्याचे मळेच्या मळे झाले. मी वाचून दाखवीत होतें. सासूबाई ऐकून म्हणाल्या, "म्हणजे आपल्या पेनिसिलिनसारखेंच कीं!" आणि मग मुलांना त्यांनीं जें सांगितलें, तें आम्हांलाहि कधीं सांगितलें नव्हतें : पेनिसिलिन फ्लेमिंगना १९२८ त लंडनला एका बुरशींत सांपडलें, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें १९५४ त पिंपरीचा कारखाना स्थापन झाला, आणि तुमचे आजोबा त्या बुरशीच्या टांक्यांवर रात्रपाळी करून सकाळीं घरीं येत, तेव्हां त्यांच्या कपड्यांना एक विशिष्ट वास येई. हें सांगतांना त्या त्या झाडाच्या खोडावर हात ठेवून उभ्या होत्या. आजोबांस मुलांनीं फोटोंतच पाहिलें होतें. त्यांची खरी ओळख मुलांस सिंगापुरांत झाली.

म्हणून मी म्हणतें, जवळच्या व दूरच्या प्रवासांत वैर नाहीं. कार्ल्यांत ग्रीस भेटतो, सिंगापुरांत पिंपरी भेटते. जवळच्या सहलींनीं पाय आणि दृष्टि तयार होतात. दूर गेल्यावर घरच्याच गोष्टींचा अर्थ उलगडतो.

ज्या भगिनींस वडील माणसांसह परदेशीं जावयाचें असेल, त्यांनीं थोडें पथ्य पाळावें. पारपत्राची मुदत प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक असावी. नेहमींचीं औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातांतल्या पिशवींत ठेवावीं. मोठ्या पेटींत ठेवूं नयेत. विमानतळावर चाकांची खुर्ची हवी असल्यास तिकिटाबरोबरच कळवावें, आणि ती घेण्यांत कमीपणा मानूं नये. आजारपणाचा विमा अवश्य उतरावा. निघण्यापूर्वीं चार तरी रविवार सर्वांनीं मिळून जवळपास हिंडावें.

परंतु या सर्वांच्या आधीं एक गोष्ट करावी. यंदाचा बेत ठरवितांना घरांतील सर्वांत वडील माणसास प्रथम विचारावें, आणि उत्तर मिळेपर्यंत स्वस्थ बसावें. कदाचित् त्यांना काशी हवी असेल, कदाचित् आल्प्स, कदाचित् नुसतें शेजारच्या मेट्रोंत बसून यावयाचें असेल. उत्तर कोणतेंहि असो, तें त्यांचें असावें. आमच्याकडे यंदाचा प्रश्न अजून निघावयाचा आहे. पण सासूबाईंनीं नातवाकडून जगाचा नकाशा मागून घेतला आहे, आणि तो देवघराशेजारच्या भिंतीवर लावला आहे.