आरसीची तारीख

लाखनीहून साकोली, तिथून नवेगावबांध आणि पुढे अर्जुनी मोरगाव असा रस्ता धरला, की गोठणगावच्या बाजूला धानाच्या बांध्यांपलीकडे रंगीत पताका दिसू लागतात. ही नोरग्येलिंग, महाराष्ट्रातली एकमेव तिबेटी शेतकरी वसाहत. १९७२ साली ती वसली तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, पण तिबेटी लोकांत या वसाहतीला अजूनही ‘भंडारा’ म्हणूनच ओळखतात.

परदेशी माणसाला भारतात नोकरी करायची तर एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. इथल्यांना तो लागत नाही. त्यांचं राहणं, कमावणं, बँकेत खातं उघडणं, दुकान लावणं या सगळ्याच्या मुळाशी एकच कागद असतो: रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे ‘आरसी’. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे बोलताना सगळे ‘शरणार्थी’ म्हणत असले, तरी कायद्याच्या दप्तरात हे लोक परदेशी नागरिकच. ज्याचा जन्म इथल्याच मातीतला, त्यालाही नोंदणी चुकत नाही.

नूतनीकरणाचं काम जवळून पाहिलं तर त्यात कोर्टकचेरी फारशी नसते. असते ती चिकाटी. परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं स्वतंत्र प्रादेशिक कार्यालय (एफआरआरओ) नसलेल्या जिल्ह्यात पोलीस अधीक्षक हेच परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी असतात, म्हणून वसाहतीची वाट पोलीस मुख्यालयाकडे जाते. पूर्वी आरसीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागे. २०१२ पासून भारतात जन्मलेल्यांना आणि वीस वर्षांहून जास्त काळ इथे राहिलेल्यांना ती पाच वर्षांसाठी मिळू लागली. अर्जासोबत जुनी आरसी, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि सेटलमेंट ऑफिसरचं पत्र जोडायचं. हा अधिकारी धरमशाळेच्या केंद्रीय तिबेटी प्रशासनाने नेमलेला असतो. वकिलाची फी भरण्याआधी लोक त्याच्याच टेबलाशी येतात. कुणाची मुदत कधी संपते, कोणतं मूल नोंदणीच्या वयात आलं, कोण शिकायला बंगळुरूला गेलं, हे त्याला ठाऊक असावं लागतं.

खरा वेळ जातो तो नावांत.

तिबेटी नावाला आडनाव नसतं. फॉर्मला मात्र ते हवंच असतं. मग तेन्झिन हे पहिलं नाव आणि दोल्मा हे आडनाव होऊन बसतं, तर सख्ख्या भावाचं आडनाव वांगचुक निघतं. दलाई लामांकडून नाव घेण्याची रीत असल्यामुळे एकेका वर्गात तेन्झिनच पाच-सहा सापडतात. त्यात स्पेलिंगचा घोळ वेगळा. आरसीवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि तिबेटी प्रशासनाच्या हिरव्या पुस्तकात तिसरं. वयस्कांच्या जन्मतारखेचा प्रश्न त्याहून अवघड, कारण तिबेटी पंचांगातलं वर्ष इंग्रजी तारखेत बसवताना कित्येकांच्या नावापुढे अंदाजाची तारीख पडली. सातबाऱ्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं असल्याने धानाच्या बोनससाठी खेटे घातलेल्या लाखनीच्या शेतकऱ्याला हे दुखणं समजावून सांगावं लागणार नाही. उपायही तोच: स्टॅम्पपेपर, नोटरी, ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र. फरक एवढाच, की इथे विलंब झाला तर अनुदान नव्हे, राहण्याचा हक्कच अडचणीत येतो.

दुसरी धावपळ हिवाळ्याची. धान हातात आलं, की अनेक घरं स्वेटरच्या धंद्याला निघतात. माल बहुतेक लुधियानाचा, बराचसा उधारीवर. दिवाळीच्या सुमारास शहरोशहरी तंबू लागतात आणि तिबेटी नववर्षाच्या, लोसारच्या आधी परतायचं असतं. नागपूरकर ज्यांना नुसतं ‘स्वेटरवाले’ म्हणतात, त्यांच्या पाठीशी कागदांची मोठी चळत असते. जागेचं भाडेपत्र, स्थानिक परवाना आणि मुक्काम लांबला तर त्या जिल्ह्याच्या पोलिसांत नोंद. हंगामाच्या मध्येच आरसीची मुदत संपणार असेल, तर अर्ज आधीच करून ठेवावा लागतो. माल विकायचा सोडून गावी पळणं परवडत नाही.

या साऱ्याला धोरणाचा आधार मिळाला तो २०१४ मध्ये. केंद्राच्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने आरसीधारकांना व्यापारी परवाने देण्याची, पात्रता असेल त्या क्षेत्रात नोकरी करू देण्याची आणि रेशन, रोजगार हमीसारख्या योजनांचा लाभ देण्याची शिफारस केली. अंमलबजावणी मात्र राज्यांकडे. म्हणून खिडकीवरच्या कारकुनाने आरसी पहिल्यांदाच पाहिली असेल, तर त्या धोरणाची प्रत पिशवीत असणं मोलाचं ठरतं.

१ सप्टेंबर २०२५ पासून १९३९ आणि १९४६ चे परदेशी नागरिकांविषयीचे जुने कायदे जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू झाला. रीतसर नोंदणी असलेल्या तिबेटींना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट कायम राहिली. सूट नोंदणीवर टांगलेली असल्यामुळे आरसीची तारीख पूर्वीइतकीच महत्त्वाची.

मग नागरिकत्वच का घेत नाहीत, असं बाहेरचा माणूस विचारतो. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक ठरतो. हा नियम तिबेटींनाही लागू आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये नामग्याल दोलकर यांच्या खटल्यात मान्य केलं. समजा, आईवडील दोघेही तिबेटात जन्मलेले आहेत. त्यांचा १९८५ चा मुलगा भारतीय पासपोर्ट मागू शकतो, पण १९८९ च्या मुलीला जन्माच्या आधारावर तो मिळत नाही. मुलाच्याही पुढे पेच आहेच. पासपोर्टसाठी आरसी आणि परदेशप्रवासाची पिवळी ‘आयसी’ (आयडेंटिटी सर्टिफिकेट) परत करावी लागते. २०१७ मध्ये तर वसाहत सोडण्याची अटही पुढे आली होती. घर, शेत आणि म्हातारे आईवडील वसाहतीत असताना हा हिशेब सोपा नसतो.

त्यामुळे अशा घराचं काम हाती घेणारा जाणता माणूस आधी अर्ज भरत नाही. तो घरातल्या प्रत्येकाची जन्मतारीख आणि जन्मठिकाण एका कागदावर मांडतो, आईवडिलांचे तपशील शेजारी लिहितो आणि मग ठरवतो: कुणाचं नूतनीकरण, कुणाचं प्रतिज्ञापत्र आणि कुणाचा पासपोर्ट.