संगणकाची विस्मृति

नवी मुंबईंतील आमच्या घरचा संगणक गेल्या पावसाळ्यांत काम चालूं असतां एकाएकीं बंद पडूं लागला. वडील मंडळींनीं मुलांच्या खेळांस बोल लावला, कोणी विजेस. दोष निघाला ‘रॅम’ नामक स्मृतीच्या पट्टींत.

या पट्टींत विद्युत्‌भार साठविणाऱ्या कोट्यवधि सूक्ष्म कोठ्या असतात. त्या सदैव झिरपतात; म्हणून सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत पुन्हा भराव्या लागतात. एखादी कोठी नासली, कीं लिहिलेला १ वाचतांना ० होतो. यंत्र बंद पडतें तें एका परीनें बरेंच. नकळत बिघडलेला हिशेब वा छायाचित्र तसेंच साठविलें जातें, हें खरें संकट. यास्तव परीक्षा होईपर्यंत जुन्या प्रती पुसूं नयेत.

१९९४ सालीं प्रथम निघालेला ‘मेमटेस्ट८६’ हा प्रोग्रॅम विंडोजवांचून चालतो. ठराविक आंकडे स्मृतींत लिहून परत वाचतो. तो रात्रभर चालवावा. एकही चूक क्षम्य मानूं नये. मग वीज तोडून एकेक पट्टी एकाच खांचेंत बसवून तपासावी. चूक एकाच पट्टीस आली तर पट्टी सदोष. प्रत्येकीस आली तर खांच वा मुख्य फलक संशयास्पद.

आम्हांस दोहोंपैकीं एकच पट्टी बदलावी लागली. मुलांवरील आरोप मात्र आम्हीं सर्वांनीं मिळून मागें घेतला!