यंत्र-अभियंत्याच्या अंगी काय हवे?

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची पाणचक्की तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. सुमारे तीन शतकांपूर्वी दूरच्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून कित्येक किलोमीटर आणून येथे उंचावरून एका आडव्या चाकाच्या पात्यांवर सोडले गेले. चाकाच्या उभ्या आसाने वरचे दगडी जाते फिरू लागले आणि धान्य दळले गेले. नळांना उतार किती द्यावा, पाणी किती उंचीवरून सोडावे, दगड किती जड असावा, हे सारे आधीच ठरवावे लागले असणार. यंत्र उभे राहण्यापूर्वी ते कसे वागेल हे ओळखणे, हेच यंत्र-अभियंत्याचे खरे काम होय.

याच शहरात १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले आणि १९८५ साली जवळच्या वाळूज येथे बजाज ऑटोचा दुचाकींचा कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यात येणाऱ्या पदवीधराकडून कोणती अपेक्षा असते? नुसत्या गुणपत्रिकेवर भागते काय?

दुचाकीच्या इंजिनातील पिस्टनच घ्या. ॲल्युमिनियम तापले की प्रसरण पावते, हे तुम्ही शाळेत शिकता. दर अंश सेल्सिअसला त्याची लांबी सुमारे ०.००००२३ पट वाढते. समजा, ५० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचा माथा २०० अंशांनी तापला. मग त्याच्या व्यासातील वाढ ५० × ०.००००२३ × २००, म्हणजे ०.२३ मिलिमीटर होईल. ही वाढ दिसायला क्षुल्लक आहे. पण तिच्यासाठी जागा ठेवली नाही तर पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होईल, धावत्या गाडीचे मागचे चाक अडेल आणि चालक रस्त्यावर फेकला जाईल. म्हणून पिस्टनचा माथा खालच्या भागापेक्षा किंचित लहान ठेवतात. पुस्तकातला नियम वस्तूत दिसणे, हा पहिला गुण.

दुसरा गुण मोजमापाचा. अगदी तंतोतंत ५० मिलिमीटरचा भाग कोणत्याही यंत्रावर बनत नाही. थोडा फरक राहणारच. तो किती चालेल हे अभियंता ठरवतो व आराखड्यावर लिहितो. या मर्यादेला ‘टॉलरन्स’ म्हणतात. ती फार कडक ठेवली तर खर्च वाढतो. फार सैल ठेवली तर यंत्र खडखडते. नेमकी किती ठेवावी, हे लेथवर वर्षानुवर्षे काम केलेल्या टर्नरला विचारण्यात कमीपणा नाही. ऐकून घेणे आणि आपले म्हणणे त्याला स्पष्ट समजावून सांगणे, हेही कौशल्यच आहे.

तिसरा गुण सचोटीचा. ब्रेकचा एखादा भाग चाचणीत नापास झाला आणि माल आजच पाठवायचा असला, तरी ‘हा भाग जाणार नाही’ असे म्हणण्याचे धैर्य हवे. ती गाडी चालवणाऱ्याला आराखडा दिसत नाही. तो अभियंत्यावर विश्वास ठेवूनच बसतो.

या अपेक्षा केवळ आपल्याकडच्या नाहीत. अभियांत्रिकी शिक्षणाला परस्परांची मान्यता देणारा ‘वॉशिंग्टन करार’ १९८९ साली सहा देशांतील संस्थांनी केला. भारत २०१४ साली त्याचा कायम सदस्य झाला. त्यात पदवीधराच्या ज्ञानाबरोबरच सांघिक काम, संवाद, नीतिमत्ता, पर्यावरणाचे भान आणि जन्मभर शिकण्याची तयारी यांनाही स्थान आहे.

मित्रांनो, याची सुरुवात पदवीपर्यंत थांबवू नका. घरच्या सायकलच्या पुढच्या व मागच्या दातेरी चक्रांचे दाते मोजा. ते ४४ आणि १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरेल? आधी गणित करा, मग चाकावर खडूची खूण करून मोजून पाहा. उत्तर जुळले नाही तर कारण शोधा. कारण सापडेपर्यंत स्वस्थ न बसणारा विद्यार्थीच पुढे चांगला अभियंता होतो.